होईलराव

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळा बाजार होईलराव म्हणतो. बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन कोणी दुकानात आलं, की ते डबा उघडूनही न बघता सांगायचे, "होईल. ठेवून जा." काय बिघडलंय, पार्ट मिळेल का, आतलं काही जाणार तर नाही ना, सगळ्याला हेच उत्तर. कधी होईल, हे मात्र त्यांच्या तोंडून ब्रह्मदेवालाही काढता आलं नसतं. लोक चिडायचे आणि तरी त्यांच्याकडेच यायचे, कारण उशिरा का होईना, ते खरंच व्हायचं. मी त्यांना भावजी म्हणते. मनात काय काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मधली खोली त्या दोघांची आणि मागे स्वयंपाकघर. मी वरच्या मजल्यावर राहते आणि पडदे शिवते. बाहेरून लोखंडी जिना आहे, त्यामुळे मी खाली येतेय हे पहिल्या पायरीपासून सगळ्यांना कळतं. दुकानात भिंतीला लागून फळ्या आणि फळ्यांवर कडेची झाकणं काढून ठेवलेले कॉम्प्युटर, त्यांच्या पोटातून वायरी बाहेर आलेल्या. टेबलावर रबरी चटई, सोल्डरिंगची बंदूक, धूळ झाडायचे ब्रश आणि डब्याडब्यांत स्क्रू. भावजींनी आयुष्यात काही फेकून दिलं नाही. मेलेला बोर्ड हाती आला की त्यातलं कामाचं जे असेल ते काढून घ्यायचे आणि दुसऱ्या कोणाच्या बोर्डाला लावायचे. "माणूस गेला तरी डोळे उपयोगी पडतात," असं वर म्हणायचे. गरीब गिऱ्हाइकांना त्या सवयीचा फार आधार होता. त्याच सवयीने पुढे त्यांचा घात केला, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

आता ताई. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आणि तिच्याबद्दल पहिली सांगायची गोष्ट म्हणजे तिचा आवाज. आमच्या घराण्यात बायकांना हळू बोलता येत नाही. ताई स्वयंपाकघरातून हाक मारायची ती दुकान ओलांडून रस्त्यावर जायची, आणि समोरचा चष्मेवाला म्हणायचा, "जा होईलराव, जेवण झालंय." आम्हा दोघींचा आवाज इतका सारखा, की फोनवर भावजी हमखास फसायचे. मला फोन करून विचारायचे, "अगं, ती निळी वायर कुठे ठेवलीस?" मी म्हणायचे, "भावजी, बायको खाली आहे तुमची. दोन पावलं चाला." मग ते हसायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फसायचे. समोरासमोर मात्र कधी चुकले नाहीत. ताईच्या बोलण्यात शेवटी एक छोटा खाकरा असायचा, वाक्याला टाच मारल्यासारखा. माझ्यात तो नाही.

तो खाकरा पुढे वाढला. ताईने नेहमीप्रमाणे अंगावर काढलं. आवाज बसलाय, हवा बदललीय, धूळ फार आहे तुमच्या दुकानात, असं करत करत दिवस गेले. शेवटी मीच तिला हाताला धरून नेलं. डॉक्टर तरुण होता आणि सरळ बोलणारा होता. म्हणाला, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. आणि मग आमचे भावजी, खुर्चीच्या कडेवर बसलेले, गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "होईल."

मला त्यांच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं. डॉक्टरही बघत राहिला. ताई मात्र हसली. म्हणाली, "काय होईल, अहो? ते काढायचंच म्हणतायत."

त्याच दवाखान्यात एक बाई होत्या, ऑपरेशननंतर लोकांना बोलायला शिकवणाऱ्या. त्यांनी भावजींना बाजूला घेऊन सांगितलं, की आवाज जायच्या आधी रेकॉर्ड करून ठेवा, हल्ली लोक तसं करतात. एवढं कानावर पडल्यावर भावजी कामाला लागले. मी तेव्हा पहिल्यांदा त्यांना घाई करताना पाहिलं. त्यांनी मधल्या खोलीत चांगल्यातला कॉम्प्युटर जोडला, त्यात नवी सिस्टिम टाकली आणि चांगला माइक आणला. खोलीत आवाज घुमत होता म्हणून मी वरून जाड कापडाचे पडदे आणून चारही भिंतींना लावले. खोली अंधारी झाली. ताई आत येऊन म्हणाली, "आता मला इथेच कोंडणार आहात का?" तेसुद्धा रेकॉर्ड झालं.

ऑपरेशनपर्यंत ती रोज बोलली. घसा दुखायचा, कोमट पाणी प्यायची आणि पुन्हा बोलायची. आधी शहाण्यासारखी वाक्यं झाली: पाणी द्या, दार वाजतंय, आज बरं वाटत नाही. मग तिच्यातली ताई जागी झाली. "मीठ जास्त झालंय, मला माहितीये, गप्प खा." "पाय पुसून या." "होईल म्हणू नका, कधी ते सांगा." हे शेवटचं बोलताना ती इतकी हसली, की तीन वेळा करावं लागलं. एका दुपारी ती नुसतीच बोलत बसली, आम्ही लहान असताना मी विहिरीत चप्पल कशी पाडली आणि मार तिने कसा खाल्ला, असलं काहीबाही. भावजी माइकशेजारी बसून होते, मान खाली घालून. मी पडद्यामागे उभी राहून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ऑपरेशन झालं. ताई वाचली. गळ्याला भोक पडलं आणि त्यातून ती श्वास घ्यायला लागली. तिच्या हातात एक पांढरी पाटी आणि स्केचपेन आलं. आणि मधल्या खोलीत भावजींनी तिला तिचा आवाज मांडून दिला. की-बोर्डच्या एकेका बटणावर चित्रं चिकटवली होती. ताटाचं चित्र दाबलं की स्पीकरमधून ताई ओरडायची, "अहो, जेवायला चला," आणि शेवटी तो खाकरा. एक स्पीकर भावजींनी दुकानात ओढला होता. पहिल्या दिवशी हाक आली तेव्हा चष्मेवाला दुकान टाकून रस्ता ओलांडून आला आणि दारात उभा राहिला. भावजी उठले, हात धुतले आणि जेवायला गेले, काहीच झालं नसल्यासारखे.

मग ताईला त्यात मजा वाटायला लागली. दुकानात कोणी गिऱ्हाईक तावातावाने बोलायला लागलं आणि भावजींनी "होईल" म्हटलं, की आतून स्पीकरवर यायचं, "होईल म्हणू नका, कधी ते सांगा." गिऱ्हाईक खूश. पाटीवर लिहिताना ताई म्हातारी दिसायची, पण त्या बटणांसमोर बसली की ती पूर्वीची व्हायची. ती बटणं होती म्हणून ती सकाळी उठत होती, असं मी म्हणेन, आणि मी रोज बघत होते.

भावजी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, कामाच्या गोष्टींची दुसरी प्रत काढून वेगळी ठेवा, डिस्कचा भरवसा नसतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ताईने एकदा पाटीवर लिहिलं: दुसरी प्रत? भावजी म्हणाले, "होईल." तिने पाटी तशीच त्यांच्या टेबलावर उभी करून ठेवली. दोन दिवसांनी तिच्यावर कोणाचा तरी फोन नंबर लिहिलेला होता.

मग ती सकाळ आली. वीज गेली आणि दणका देऊन परत आली. मधल्या खोलीतून जळका वास सुटला. ताईने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग सगळी बटणं दाबली. मी वरून आले तेव्हा ती टेबलावर तळहात आपटत होती आणि भावजी कॉम्प्युटरचं झाकण काढत होते. बोर्डाच्या कोपऱ्यात, जिथे वीज आत येते तिथे, काळा डाग पडला होता. "बोर्ड गेला," ते म्हणाले. "डिस्क शाबूत आहे. तुझा आवाज डिस्कमध्ये असतो. आज नवा बोर्ड बसवतो. होईल." ताईने मान हलवली. त्या दिवशी त्या शब्दाने मलासुद्धा बरं वाटलं.

नवा बोर्ड यायला दुपार झाली. तोवर जुना काढून टेबलावर ठेवला होता. तेवढ्यात छपाईवाला आला. गल्लीच्या टोकाला त्याचा छापखाना आहे. कॉम्प्युटर काखेत मारून, घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, काम अर्धं अडकलंय, माणसं बसून आहेत. भावजींनी तपासलं. त्याच्या बोर्डावरची एक बारकी चिप बिघडली होती, आठ पायांची, नखापेक्षा लहान. कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी काय करायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. तशी चिप बाजारात लगेच मिळत नव्हती. ताईच्या मेलेल्या बोर्डावर अगदी त्याच जातीची होती. भावजींनी क्षणभरही विचार केला नाही. गरम हवेच्या बंदुकीने ती उचलली, यंत्रात धरून कोरी होईपर्यंत पुसली, तिच्यात छपाईवाल्याच्या बोर्डाला लागतं ते लिहिलं आणि त्याच्या बोर्डाला लावली. छपाईवाला हात जोडून गेला. ताई शेजारी बसून हे बघत होती, आणि आपल्या नवऱ्याचा तिला अभिमान वाटत होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मग आमचं काम. मी शिवण टाकून खाली बसले होते, कारण तिचा आवाज परत येणार होता आणि मला पहिली शिवी ऐकायची होती. भावजींनी आधी रिकाम्या डब्याच्या पत्र्याला हात लावला. अंगातली वीज उतरवायला ते नेहमी तसं करायचे, नाहीतर बोटाच्या एका चटक्याने बोर्ड मरतो. नवा बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला. जुना प्रोसेसर घेतला. त्याला खाली केसासारखे पाय असतात, शेकड्यांनी. त्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला आणि सोडून दिला. दाबायचा नसतो, तो आपल्या वजनाने बसतो. "याला जबरदस्ती चालत नाही," ते ताईला म्हणाले, "तुझ्यासारखंच आहे." ताईने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. मग दांडी खाली, वर उष्णता ओढून घेणारी मटारच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यावर पंखा, स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे आवळत. रॅमच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी टक् वाजेपर्यंत बसवल्या. डब्यातल्या पितळी खुंट्या मोजून बघितल्या. एखादी चुकीच्या जागी राहिली तर ती बोर्डाच्या पाठीला टेकते आणि सगळं जाळते. बोर्ड तिरका करून आत सरकवला. समोरच्या बटणांच्या बारीक वायरी, ज्यांच्यापायी ते एरवी करवादायचे, त्या दिवशी पहिल्याच फटक्यात लागल्या.

बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन उजळली. भावजी सेटिंगमध्ये शिरले. तारीख घातली, रॅमचा वेग लावला, पंख्याचा आवाज कमी केला आणि कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते सांगितलं. मध्येच काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी पुरतं न वाचताच 'हो' दाबलं, जसं ते हजारदा दाबत आले होते. सगळं साठवलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. ताईने खुर्ची पुढे ओढली आणि ताटाच्या चित्रावर बोट ठेवून बसली.

निळी स्क्रीन आली. तिच्यावर आकड्यांसाठी एक लांबलचक रिकामी पट्टी होती. भावजी बघत राहिले. त्यांचा हात माउसवर होता आणि तो हलत नव्हता. मी विचारलं, "काय मागतंय?" ताईने त्यांच्या खांद्याला स्पर्श केला, भुवया उंचावल्या. "एक पार्ट यायचाय," ते म्हणाले. "दोन-चार दिवस." ताईने बोट बटणावरून उचललं आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

मी त्यांना दुकानात गाठलं. माझ्या नाकावर राग कायमचाच असतो, पण त्यांचा चेहरा बघून मी हळू बोलले.

"कसला पार्ट, भावजी?"

"कसलाच नाही." ते स्टुलावर बसले. "नव्या सिस्टिमने डिस्कला आपणहून कुलूप घातलं होतं. मला वाटायचं, ते लॅपटॉपचं असतं. डेस्कटॉपला कुलूप कोण घालतं? मी बघितलंच नाही."

"मग किल्ली असेल ना कुठेतरी."

"बोर्डावर असते. एका चिपमध्ये."

"जुना बोर्ड पडलाय समोर. जळलेला कोपरा दुरुस्त करा, एकदा चालू करा, किल्ली काढा."

त्यांनी जुना बोर्ड उलटा करून माझ्यासमोर ठेवला. चिपच्या जागी आठ बारीक चकचकीत ठिपके होते. मला कळायला थोडा वेळ लागला.

"ती पुसली मी," ते म्हणाले. "तुमच्या दोघींच्या समोर पुसली. वर नव्या बोर्डाने जुन्या किल्ल्या काढू का विचारलं, त्यालाही 'हो' म्हटलं."

"दुसरी किल्ली नसते?"

"असते. सिस्टिम टाकताना एक खातं उघडावं लागतं, नाव, मेल, पासवर्ड. किल्लीची नक्कल त्या खात्यात जाते. आणि आम्ही दुकानात काय करतो, बोटं फिरवतो की-बोर्डवर, येईल ते नाव, येईल तो पासवर्ड, आणि पुढे जातो. गिऱ्हाईक ते खातं कधी उघडतच नाही."

"ताईचंसुद्धा तसंच केलंत?"

"सवय," ते म्हणाले.

मला खूप बोलायचं होतं. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण ते तिथे बसून त्या आठ ठिपक्यांवरून अंगठा फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात निघाले. मी म्हटलं, पुसलेलं परत येतं का? ते म्हणाले, नाही. तरी निघाले, म्हणून मी बरोबर गेले. छपाईवाला कागदांच्या गठ्ठ्यामागे होता, कापायचं यंत्र धाडधाड चालू होतं. भावजी म्हणाले, "जरा उघडून बघतो."

"चालतंय की एकदम मस्त. चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?" छपाईवाला म्हणाला. मग त्याला संशय आला. "काही चुकलंय का?"

"नाही. चांगलं चाललंय ना, तेवढंच विचारायला आलो." भावजींनी त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. आतला पंखा फिरत होता, पत्रा कोमट झाला असेल. तसाच हात ठेवून ते उभे राहिले, आणि छपाईवाला माझ्याकडे बघायला लागला. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. रस्त्यात ते एवढंच म्हणाले, "त्याला सांगू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल."

त्यानंतर त्यांनी सगळं केलं. बैल गेला आणि झोपा केला, तरी केला. दुकानातल्या प्रत्येक डिस्कची दुसरी प्रत काढली. ताईच्या खात्यासाठी काय नाव टाकलं असेल ते आठवायला रोज तिच्याच की-बोर्डवर डोळे मिटून बोटं फिरवायचे, की सवयीने तीच अक्षरं पडतील, आणि पडलेली अक्षरं एकेक करून घालून बघायचे. चित्रं चिकटवलेल्या बटणांवर. माझा जुना फोन धुंडाळला. त्यात ताईचा एकच निरोप निघाला, मागे गाड्यांचा आवाज: "येताना दूध आण, आणि रस्त्यात बोलत बसू नकोस." भावजींनी तो ऐकला, पुन्हा ऐकला आणि म्हणाले, "यात जेवायला नाहीये."

ताईला 'पार्ट यायचाय' हेच चाललं होतं. ती विचारत नव्हती. ताटलीवर चमचा वाजवून ती त्यांना जेवायला बोलवायची. दुकानात कोणी आलं की भावजी आता "होईल" म्हणत नव्हते. म्हणायचे, "बघतो. सांगता येत नाही." लोकांना वाटलं, होईलराव आता सुधारले. दोघं-तिघं तर दुसऱ्या दुकानात गेले.

मग एका संध्याकाळी ते माझा जिना चढून वर आले. असे ते कधी येत नाहीत. मी मशीनवर होते. ते कापडाच्या गठ्ठ्यावर बसले.

"तुझा आवाज तिच्यासारखा आहे," ते म्हणाले.

"भावजी, नाही."

"थोडीशीच वाक्यं. पाणी, दार, जेवण. खाकरा मी घालीन, त्या दुधाच्या निरोपात शेवटी एक आहे."

"तिला कळणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

"कळेल," ते म्हणाले. "पण ती बसेल तरी तिथे. सकाळी उठून बसेल."

मी रागावले. मी काय काय बोलले ते त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. शेवटी मीच ऑपरेशननंतर घडी करून ठेवलेले जाड पडदे बाहेर काढले. ताई दवाखान्यात तपासणीला गेली होती त्या सकाळी आम्ही ते चारही भिंतींना लावले, आणि मी त्या अंधारात, माझ्या बहिणीच्या खुर्चीवर बसून, तिच्या नवऱ्याला हाका मारल्या. अहो, जेवायला चला. पाय पुसून या. मीठ जास्त झालंय, मला माहितीये, गप्प खा. मला हसू येत नव्हतं, त्यामुळे 'होईल म्हणू नका' काही केल्या जमेना, ते आम्ही सोडून दिलं. भावजी माइकशेजारी बसले होते, पूर्वीसारखेच, मान खाली. फक्त मध्येमध्ये म्हणायचे, "अजून थोडं चिडून."

ताई आली. भावजींनी तिला खुर्चीवर बसवलं. "आला पार्ट," ते म्हणाले आणि दुकानात जाऊन बसले. स्पीकर तिकडे होता. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याच्या घड्या घालत होते, मी वर बघितलं नाही. तिने ताटाचं बटण दाबलं.

"अहो, जेवायला चला," मी स्पीकरमधून म्हणाले, आणि शेवटी तिचा खाकरा आला.

दुकानात स्टूल सरकलं. भावजी उठले, नळ वाजला, हात धुतले आणि आले. अगदी लगेच आले, पूर्वी यायचे तसे. मधल्या खोलीच्या उंबरठ्यावर आले आणि त्यांना आठवलं असावं, कारण ते तिथेच थांबले. पण चेहरा मागे राहिला होता. हाक ऐकून उठताना जो झाला होता, तोच अजून तोंडावर होता, निवांत, घरचा. आपली बायको हाक मारतेय असा. ताईने तो पाहिला. मीही पाहिला. मग तो गेला आणि ते ओल्या हातांनी उभे राहिले.

ताई उठली. तिने टॉवेल आणून त्यांचे हात पुसले, एकेक बोट, जणू लहान मूल आहे. मग टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरची वायर सॉकेटमधून काढली आणि नीट गुंडाळून ठेवली. तिघं जेवलो. चमचे वाजत होते. भावजी एकदा म्हणाले, "ती चिप मी..." आणि ताईने मान हलवली, मला माहितीये अशी. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती शेजारीच बसली होती की, चिप पुसताना, आणि दुकानातलं आमचं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू गेलंच असणार.

त्यानंतर मी त्या घरात गप्प राहायला लागले. जिन्यावरून उतरताना सवयीने तोंड उघडायचं आणि मी ते मिटायचे. ताईच्या हे लक्षात आलं. एके दिवशी आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो आणि मी अजिबात बोलत नव्हते. तिने हात पुसून पाटी ओढली, बराच वेळ लिहिलं आणि माझ्यासमोर धरली.

"तू बोलत जा. ऐकायला मला बरं वाटतं. फक्त त्यांना हाक मारू नकोस."

आता मी बोलते. चष्मेवाल्याबद्दल, पडद्यांच्या गिऱ्हाइकांबद्दल, विहिरीतल्या चपलेबद्दल, आणि ताई ऐकते. भावजींशी काही काम असलं की मी दुकानात जाते, त्यांनी मान वर करेपर्यंत टेबलासमोर उभी राहते, आणि मगच बोलते.